ब्युरोची बाई की ओळखीतल्या मावशी?

धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलातून पेशंट घरी न्यायची वेळ आली की बिलाच्या खिडकीजवळ कुणीतरी घरी नर्स-आया पुरवणाऱ्या ब्युरोचं कार्ड हातात ठेवतंच. त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू म्हणतात, "ब्युरो कायले पाहिजे? आमच्या ओळखीतली एक बाई आहे न." घरात थकलेलं माणूस असलं की नागपुरात बहुतेकांपुढे हे दोनच रस्ते येतात. आम्ही दोन्हींवरून गेलो आहोत, आधी ब्युरो, आता थेट ठेवलेल्या मावशी. आई ऐंशीच्या पुढची, पार्किन्सन्सची, राहणं त्रिमूर्ती नगरात. एका घराचा अनुभव आहे, तेवढ्याच मापानं घ्यावा.

पैशांचं आधी उरकतो. थेट ठेवलेली बाई स्वस्त पडते हे अर्धंच खरं. दिवाळीचा बोनस, सुट्टीच्या दिवशीचं बदली माणूस, चोवीस तासांची असेल तर चहा-जेवण आणि मधूनच मागितलेली उचल, हे सगळं धरलं तर फरक बराच कमी होतो. मला खटकलं ते दुसरंच. आम्ही देत होतो त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा ब्युरोकडेच राहायचा आणि उरलेलाही त्या बाईला कधी पंधरा तारखेला, कधी वीसला मिळायचा. पगार अडकलेली बाई रात्री तीनला किती मायेनं उठेल? ब्युरो निवडताना बहुतेक जण रेट विचारतात. आलेल्या बाईला पगार कधी होतो, हेही विचारावं असं मला वाटतं.

शिक्षणाच्या बाबतीत ब्युरोचं पारडं जड, पण सरसकट नाही. ब्युरो पाठवतो ती प्रत्येक बाई नर्स नसते. एएनएम म्हणजे नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स, जीएनएम तीन वर्षांचा, आणि दोघींची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. तो नंबर मागायला लाजू नये. जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणजे काही महिन्यांचं प्रशिक्षण. बाकीच्या कुठंतरी वॉर्डात आयाबाई म्हणून राहिलेल्या, आणि त्यांतल्या काही फार चांगल्या असतात. माझी परीक्षा एका प्रश्नाची आहे: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती वेळानं बदलाल? "दर दोन तासांनी" हे उत्तर न अडखळता आलं तर पुढचं बोलावं. "एअर बेड आहे न, मग कायले बदलायची?" असं आलं तर चहा पाजून निरोप द्यावा.

नाकातून नळी असेल, गळ्याला छिद्र असून सक्शननं कफ ओढून काढावा लागत असेल, सलाइन किंवा शिरेतून इंजेक्शनं चालू असतील, तर ओळखीच्या मावशींचा विचारच करू नका. ब्युरोकडूनच, पण नोंदणीकृत नर्स घ्या. तिथं माझं दुमत नाही. प्रश्न आहे तो आमच्यासारख्या घरांचा, जिथं आजार रेंगाळणारा आहे आणि गरज उठवणं, बसवणं, भरवणं, गोळ्या देणं एवढीच आहे.

सुरक्षिततेचं म्हणाल तर "आमच्या सगळ्या मुली व्हेरिफाइड आहेत" हे वाक्य प्रत्येक ब्युरोकडून ऐकलं. कागद मागितल्यावर माझ्यापुढे बहुधा आधारची झेरॉक्सच आली. आधार म्हणजे पोलीस पडताळणी नव्हे. थेट माणूस ठेवलं की हे काम आपल्याच गळ्यात पडतं: फोटो, आधार, गावचा पत्ता घेऊन आपल्या ठाण्यात जायचं. कटकट आहे, पण निदान झालं की नाही ते आपल्याला ठाऊक असतं. कपाटाची किल्ली सगळेच जपतात. आईचा मोबाइल मात्र कुणी जपत नाही, आणि हल्ली पैसे त्यातूनच जातात. आम्ही तिच्या फोनमधलं यूपीआय काढूनच टाकलं. कॅमेरा फक्त हॉलमध्ये लावला, तोही मावशींना सांगून.

पण मला चोरीपेक्षा कूलरची भीती जास्त वाटते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की खोलीत वायर आडवी, पाण्याचा पाइप आडवा, टाकीतून गळून फरशी ओली. पाय ओढत चालणाऱ्या म्हातारीला पडायला एवढं पुरे. त्यात चालू कूलरमध्ये पाणी भरायची सवय. ओल्या हातानं कूलरच्या पत्र्याला लागून शॉक बसल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. आमच्या मावशी आधी प्लग काढतात, मग पाणी भरतात, मग फरशी पुसतात, आणि वायर भिंतीकडून घेतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. ब्युरोच्या काही बायकाही तसंच करत, काही नाही. करणारी कोण आणि न करणारी कोण, हे ओळखायच्या आतच ती बदलून गेलेली असायची.

आमचा निर्णय झाला तो या बदलीवरून. ब्युरोची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणून सांगतात तीच ही गोष्ट: आज बाई आली नाही तर संध्याकाळपर्यंत दुसरी हजर. नोकरी करणाऱ्या मुला-सुनेला केवढा धीर वाटतो! मलाही वाटला. पण तीच सोय त्यांचीही असते. आपल्याकडची रुळलेली बाई उचलून जास्त पैसे देणाऱ्या पेशंटकडे पाठवायची आणि आपल्याकडे नवीन.

नवीन म्हणजे काय ते आमच्या बाथरूमच्या दारात कळायचं. पार्किन्सन्समध्ये चालता चालता पाय एकदम जागीच खिळतात, विशेषतः दारात आणि वळताना. अशा वेळी हात धरून ओढलं की कंबरेच्या वरचं अंग पुढे येतं, पाय तिथंच राहतात आणि माणूस तोंडावर जातं. आम्ही उंबऱ्याच्या अलीकडे फरशीवर पिवळी टेप आडवी चिकटवली आहे. थांबायचं, बाजूला उभं राहायचं आणि म्हणायचं, "आजी, रेघ ओलांडा." ओलांडायला काही दिसलं की पाय उचलतो. इतकी साधी गोष्ट, पण नव्यानं आलेली प्रत्येक बाई पहिल्या दिवशी ओढायचीच. आई ओरडायची, "अगं ओढू नको न!" सांगून, दाखवून तिच्या अंगवळणी पडेपर्यंत तिची बदली. पुन्हा नवी बाई, पुन्हा दोन्ही हात धरून ओढणं.

गोळ्यांचंही तेच. पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी घड्याळाच्या काट्यावर लागते आणि जेवणाच्या अर्धा तास तरी आधी, कारण दूध-डाळीतली प्रथिनं तिच्या आड येतात. नवी बाई मायेपोटीच म्हणणार, "उपाशीपोटी कशी द्यायची?" आणि कपभर दुधासोबत देणार. मग दुपारी बारापर्यंत आईला स्वतःची कूस बदलता येत नाही. आम्ही सगळं मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं. उलटी झाल्यास मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, त्यानं हा आजार बळावतो, हेसुद्धा. कागद चांगला, पण तो वाचायला घरात टिकणारं माणूस लागतं.

ब्युरोला यात फार दोष देता येईल असं नाही. त्यांचा धंदाच तसा चालतो, आणि एखादा ब्युरो माणूस टिकवतही असेल. ठरवण्याआधी करारात बदलीबद्दल काय लिहिलंय ते पाहा: आपल्याला न विचारता करता येते का, आणि नवी बाई जुनीसोबत निदान एक पाळी काढेल का. आम्ही हे मागितलं तेव्हा समोरून नुसतं हसणं आलं. त्याच करारात, त्यांच्या बाईला थेट कामावर ठेवायचं नाही, असंही बहुधा असतं. आमच्या मावशी तशा आलेल्या नाहीत. आईला व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टनं त्यांचं नाव सुचवलं. शेजारणीच्या शिफारशीपेक्षा या शिफारशीवर माझा जास्त विश्वास, कारण त्यांनी त्या बाईला पेशंट उचलताना पाहिलेलं असतं.

थेट ठेवण्यातले खड्डे आता सांगतो. मावशी हिंगण्याकडून येतात, लोकमान्य नगरहून मेट्रो धरून सुभाष नगरला उतरतात, त्यामुळे एरवी वेळेत. पण २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, त्या दिवशी कुणाचंच कुणी येणार नव्हतं. बारा तासांचं माणूस ब्युरोचं असो की ओळखीचं, अशा दिवशी उपयोगाचं नाही. घरात आपण एकटेच असाल तर चोवीस तासांचंच पाहा. दुसरं, पोळा, महालक्ष्म्या, भाचीचं लग्न. मावशी सुट्टी मागत नाहीत, कळवतात. आणि वर्षभरात त्या घरच्याच होऊन जातात, मग चूक दाखवायलाही जीभ रेटत नाही. ब्युरोला निदान फोन करून भांडता येतं.

यावर आमचा तोडगा असा: मावशींच्या जावेला आधीच महिन्यातले दोन-तीन दिवस पैसे देऊन बोलावतो. ती त्यांच्यासोबत राहते, टेप, गोळ्या, कूलर सगळं बघते. सुट्टीत तीच येते. रक्तदाब, पाठीची त्वचा आणि गिळताना ठसका लागतो का, हे बघायला ब्युरोचीच एक जीएनएम सिस्टर दर पंधरवड्याला तासभर येऊन जाते. सिस्टरला तेवढ्याच कामासाठी बोलावता येतं, फक्त ब्युरो ते आपण होऊन सांगत नाही. आणि १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन आईच्या फोनमध्ये पहिल्या बटणावर ठेवली आहे. मावशींना ते माहीत आहे आणि त्यांनी वाईट वाटून घेतलेलं नाही.