ओझरहून कोणतं विमान बरं: एटीआर की एअरबस?

नाशिकजवळच्या ओझर विमानतळाची धावपट्टी सुमारे ३ किलोमीटरची, त्यामुळे दोन्ही विमानं इथे सहज उतरतात. एटीआर ७२ या पंख्यांच्या छोट्या विमानात सत्तर-पंचाहत्तर जागा, एअरबसच्या ए३२० या जेटमध्ये १८० च्या आसपास. वैमानिक मात्र दोन्हीकडे दोनच! म्हणून वैमानिकांची चणचण असली की कंपनीचा ओढा मोठ्या विमानाकडे जातो. एटीआरचा वैमानिक थेट एअरबस चालवू शकत नाही, वेगळं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची खास परवानगी, लागतं. आणि तो ते घेऊन तिकडे गेला की इकडची फेरी अडते.

दिल्लीसाठी ए३२० च, वेळ वाचतो. पण अहमदाबादसाठी मला एटीआरच हवं. रोज १८० जागा भरणार कुठून? फेरी बंद झाली, की आपण पुन्हा कसारा घाट उतरून मुंबईच्या वाटेला.