बँकेची पेन्शन: हातात काय पडतं आणि कुठे कमी पडतं

जानेवारी 2017 अखेर मी मिरजेतल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. तेव्हापासून दर महिन्याच्या अखेरीला पेन्शन खात्यात जमा होते आणि त्यात कधी खंड पडलेला नाही. आता निवृत्तीला आलेले शाखेतले सहकारी भेटले की विचारतात, "मॅडम, पेन्शन पुरते का हो?" म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. हे लिहिणं सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांच्या 1995 च्या पेन्शन नियमांत बसणाऱ्यांसाठी आहे. स्टेट बँकेचे नियम वेगळे आहेत.

आधी मूळ हिशोब. शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम ही मूळ पेन्शन. ती पूर्ण मिळायला 33 वर्षं नोकरी लागते. त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात घटते आणि दहा वर्षांच्या आत काहीच नाही. इथे 'पगार' म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. महागाई भत्ता त्यात धरत नाहीत. नोव्हेंबर 2012 पासून आम्हाला 7.75 टक्के स्पेशल अलाउन्स मिळू लागला, तोही पेन्शनला धरत नाहीत आणि ग्रॅच्युइटीलाही नाही. निवृत्तीच्या वर्षी कागद मांडून बसणाऱ्याला पहिला धक्का इथेच बसतो. पगाराच्या स्लिपवरचा आकडा पाहून त्याच्या निम्मे मिळतील असं समजू नका.

सोपा आकडा घेऊ. सरासरी पगार 36,000 आणि नोकरी 33 वर्षांवर, तर मूळ पेन्शन 18,000. यातला एक तृतीयांश भाग विकता येतो, म्हणजे कम्युट करता येतो. 6,000 रुपये कम्युट केले, तर साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला त्याच्या वर्षाच्या रकमेला (72,000) 9.81 या गुणकाने गुणून सुमारे 7 लाख 6 हजार एकरकमी मिळतात. मग पंधरा वर्षं दरमहा 6,000 कमी येतात आणि त्यानंतर पेन्शन पुन्हा पूर्ण होते. पंधरा वर्षांत कापलेले पैसे होतात 10 लाख 80 हजार. म्हणून बरेच जण कम्युटेशनला घाटा म्हणतात. मला तसं वाटत नाही. महागाई सवलत, म्हणजे पेन्शनवर मिळणारा महागाई भत्ता, कम्युट करूनही पूर्ण 18,000 वरच मिळते, कापून उरलेल्या 12,000 वर नाही. शिवाय पेन्शनर मध्येच गेला तर उरलेली रक्कम कोणी घरच्यांकडून वसूल करत नाही, आणि फॅमिली पेन्शनलाही त्याची झळ लागत नाही. मी पूर्ण एक तृतीयांश कम्युट केलं आणि घराचं कर्ज त्याच महिन्यात फेडून टाकलं. डोक्यावर कर्ज असेल तर मी प्रत्येकाला हेच सांगते. कर्ज नसेल, मुलंबाळं मार्गी लागली असतील आणि घरात दीर्घायुष्य असेल, तर मात्र थांबून विचार करा. निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, त्यामुळे विचारालाही वेळ आहे.

या योजनेची खरी ताकद महागाई सवलत. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये तिचा दर बदलतो. ग्राहक किंमत निर्देशांकाला ती बांधलेली आहे, कोणाच्या मर्जीवर नाही. खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्या माझ्या मोठ्या दिरांना ईपीएसची, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मिळते. ती वर्षानुवर्षं तेवढीच आहे. आम्ही दोघं एकाच बाजारात भाजी घेतो, पण माझी पेन्शन थोडी तरी भावांच्या मागे मागे चालते आणि त्यांची जागची हलत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी 1995 साली पीएफ सोडून पेन्शनचा ऑप्शन दिला होता. तेव्हा भविष्यनिर्वाह निधीवर 12 टक्के व्याज होतं आणि कॅन्टीनमध्ये बसून पुष्कळ जण "हातात येईल तोच पैसा खरा" म्हणायचे. पुढे 2010 च्या करारात त्यांना दुसरा ऑप्शन मिळाला, पण फुकट नाही. निवृत्त झालेल्यांना बँकेने दिलेला पीएफचा हिस्सा परत करून वर त्याच्या 56 टक्के रक्कम भरावी लागली. नोकरीत असलेल्यांकडून नोव्हेंबर 2007 च्या सुधारित पगाराच्या 2.8 पट घेतले. त्यासाठी बायकोचे दागिने गहाण टाकून पैसे उभे केलेले लोक मला माहीत आहेत, आणि आज त्यातल्या एकालाही त्या निर्णयाचं वाईट वाटत नाही.

आता जिथे पोटातून राग येतो ती गोष्ट. बँकेत दर पाच वर्षांनी वेतन करार होतो. 2002, 2007, 2012, 2017, 2022 अशा प्रत्येक 1 नोव्हेंबरपासून पगार वाढतो, महागाई भत्ता मूळ पगारात विलीन होतो. पेन्शनरची मूळ पेन्शन मात्र तो ज्या करारात निवृत्त झाला तिथेच गोठते. मी ज्या काउंटरवर बसायचे, त्याच काउंटरवर माझ्याआधी बसलेले काका 1999 ला निवृत्त झाले. तेच काम, तीच जोखीम, हिशोबात एक नोट कमी आली तर खिशातून भरण्याची तीच पद्धत. माझ्या मूळ पेन्शनशी त्यांच्या मूळ पेन्शनची तुलना करायलाही संकोच वाटतो. भरीस भर म्हणजे नोव्हेंबर 2002 च्या आधी निवृत्त झालेल्यांना महागाई सवलतही उतरत्या दराने मिळायची. ती ऑक्टोबर 2023 पासून सर्वांसारखी पूर्ण झाली, पण तोवर त्यांच्या बरोबरीचे कितीतरी लोक गेले. मार्च 2024 च्या बाराव्या करारात जुन्या पेन्शनरांना दरमहा सानुग्रह रक्कम मिळाली. ती घ्यावी, पण तिला अपडेशन, म्हणजे नव्या करारानुसार मूळ पेन्शनच वाढवणं, म्हणू नये. सानुग्रह म्हणजे पेन्शनचा भाग नव्हे. पेन्शन नियमांच्या 35(1) मध्ये 'अपडेट' हा शब्द आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या पेन्शनरांना 2019 साली अपडेशन मिळालंही. मग आम्हाला का नाही, या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

फॅमिली पेन्शनबाबत मात्र मनापासून समाधान आहे. 2021 पर्यंत ती पगाराच्या 15, 20 किंवा 30 टक्के अशा टप्प्यांत होती आणि वर 9,284 रुपयांची मर्यादा. पगार जितका मोठा तितका टक्का कमी. ऑगस्ट 2021 मध्ये सरकारने सरसकट 30 टक्के जाहीर केले आणि मर्यादा काढून टाकली. आमच्या शाखेतल्या एका दिवंगत अधिकाऱ्यांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, आधी 15 टक्के मिळायचे. फरकासकट पहिली वाढीव रक्कम जमा झाली तेव्हा त्या पासबुक भरून घेऊन थेट माझ्याकडे आल्या आणि मी ती ओळ त्यांना दोनदा वाचून दाखवली. त्यांनी त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतली, ते दोन वर्षं पुढे ढकललं जात होतं.

लंगडी बाजू आरोग्यविम्याची. 2015 च्या करारानंतर निवृत्तांसाठी गटविमा सुरू झाला, पण हप्ता निवृत्तांनीच भरायचा. सुरुवातीला परवडणारा हप्ता काही वर्षांत कित्येक पट झाला. डोमिसिलरी, म्हणजे घरी राहून घ्यायच्या उपचारांचा खर्च हवा असेल तर हप्ता आणखी चढतो. आता माझा वर्षाचा हप्ता महिन्याच्या मूळ पेन्शनपेक्षा जास्त आहे. काही बँका स्टाफ वेल्फेअर फंडातून थोडा भार उचलतात, तो किती हे आपापल्या बँकेत विचारा. तरी मी ही पॉलिसी सोडत नाही. जुने आजार ती पहिल्या दिवसापासून धरते, आणि सत्तरीला टेकलेल्या मधुमेही माणसाला बाहेर अशी पॉलिसी सहज कोण देणार? मागच्या वर्षी ह्यांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी कॅशलेसची मंजुरी यायला संध्याकाळ झाली आणि तोवर आम्हाला अनामत भरावी लागली. बिल शेवटी पास झालं. पण नव्याने निवृत्त होणाऱ्याने लाख-दीड लाख हाताशी सुटे ठेवावेतच.

एप्रिल 2010 नंतर लागलेल्यांना यातलं फारसं काही लागू नाही. माझी भाची 2014 ला पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) म्हणून लागली, ती एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत आहे. तिचे 10 टक्के, बँकेचे 14 टक्के, आणि पुढचं बाजारावर. ना ठरलेली पेन्शन, ना महागाई सवलत. एकाच शाखेत शेजारी बसणाऱ्या दोघांच्या म्हातारपणात एवढं अंतर असावं, हे मला पटत नाही.

किरकोळ पण उपयोगी गोष्टी: निवृत्तांना ठेवींवर स्टाफचा जादा 1 टक्का व्याज मिळत राहतो आणि ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का वेगळा. पेन्शनरच्या पश्चात पती किंवा पत्नीलाही स्टाफचा टक्का मिळतो, पण तो मागून घ्यावा लागतो, आपोआप होत नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरात. मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण काढता येतं, पण मी शाखेतच जाते आणि पोचपावतीवर शिक्का घेते. आणि निवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यांच्या गडबडीत राहून जातं म्हणून सांगते: पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, नवरा-बायकोची नावं आणि जन्मतारखा आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळतात का, ते त्याच आठवड्यात तपासा. वहिनींच्या नावात एक 'बाई' जास्त होतं, तेवढ्यावरून त्यांची फॅमिली पेन्शन सुरू व्हायला चार महिने लागले.