झूम : शाळा भरवणारे, पण मधली सुट्टी नसलेले अ‍ॅप

व्हिडिओ कॉलचे झूम हे सॉफ्टवेअर मुळात कचेऱ्यांतील बैठकांसाठी घडवले गेले. एरिक युआन यांनी २०११ मध्ये ही कंपनी स्थापन केली, तेव्हा पंधरा वर्षांचे एखादे मूल सकाळी उठून या खिडकीसमोर बसेल आणि त्याची अख्खी शाळा तिच्यातच भरेल, अशी कल्पना कोणी केली असण्याचा संभव नाही. म्हणून या परीक्षणात कचेरीचा विचार बाजूला ठेवून, महासाथीच्या काळात ज्यांचे कुमारवय या पडद्यापुढे गेले त्यांच्या बाजूने हे अ‍ॅप कसे ठरले, एवढेच पाहिले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत १९० हून अधिक देशांतील सुमारे दीड अब्ज विद्यार्थ्यांच्या शाळा बंद झाल्या. डिसेंबर २०१९ मध्ये झूमवरील बैठकांत रोज सुमारे १ कोटी सहभागी असत. एप्रिल २०२० मध्ये हा आकडा ३० कोटींवर गेला. (एकाच दिवसात पाच तासिकांना बसणारा विद्यार्थी या मोजणीत पाचदा धरला जातो, हे मात्र ध्यानात ठेवावे.) एवढा भार येऊनही यंत्रणा एकंदरीत उभी राहिली, याचे श्रेय द्यायलाच हवे. खाते न उघडता केवळ लिंकवरून आत येता येते, नेट मंद असेल तर चित्र बंद करून आवाजावर भागवता येते, आणि शिक्षकांनी तासिका रेकॉर्ड केली असेल तर बीजगणितातली निसटलेली पायरी पुन्हा मागे जाऊन पाहता येते. चारचौघांत हात वर करायला कचरणाऱ्या मुलामुलींना चॅटमधून फक्त शिक्षकांनाच उत्तर लिहून पाठवण्याची सोय मिळाली, ती तर नेहमीच्या वर्गातही नव्हती.

अडचण सुरू होते ती स्वतःच्या चेहऱ्यापासून. झूममध्ये आपली चौकट आपल्याला आपोआप दिसत राहते. ज्या वयात नाकावरची एक पुटकुळी दिवस बिघडवू शकते, त्या वयात तासन्‌तास समोर आरसा ठेवून इतिहास शिकायला बसवण्यासारखेच हे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत सतत स्वतःला पाहत राहणे हे एक होते; नजरेला नजर भिडवणारे जवळचे चेहरे, एका जागी जखडून बसणे आणि हावभाव समजून घेण्यासाठी लागणारी जादा मेहनत ही बाकीची. स्वतःची चौकट लपवण्याचा पर्याय अ‍ॅपमध्ये आहे, पण तो आपणहून शोधावा लागतो. त्यापेक्षा कॅमेरा बंद करणे सोपे, आणि मुलांनी बहुधा तेच केले. पाठीमागचा पलंग, मधूनच डोकावणारे धाकटे भावंड, घरातली वादावादी हे सगळे वर्गाला दिसू नये, ही इच्छाही त्यामागे होती. शिक्षकांना त्यात बेशिस्त दिसली. मला त्यात मुख्यतः संकोच दिसतो.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. झूमवर एका वेळी एकानेच बोलावे, अशी एकूण रचना आहे. दोघे एकदम बोलले की दोघांचेही शब्द विरतात. शिकवण्यासाठी हे ठीक असेल, पण शाळेतली मैत्री बाकावरच्या कुजबुजीवर, जिन्यातल्या गप्पांवर आणि शिक्षकांची पाठ वळताच झालेल्या एका नेत्रपल्लवीवर चालते, आणि त्यांपैकी कशालाही येथे जागा नाही. विद्यार्थ्यांचे आपापसातले खाजगी चॅट यजमान, म्हणजे बैठक चालवणारा, बंद करू शकतो. ब्रेकआउट रूममध्ये गट पाडता येतात, पण तिथेही शिक्षक केव्हाही येऊ शकतात आणि त्यांनी खोल्या बंद केल्या की पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते. साहजिकच मुलांनी आपले खरे अड्डे इतरत्र, ऑनलाइन खेळांच्या व्हॉइस चॅटमध्ये आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मेसेजच्या गटांत उभे केले. शाळांसाठी कंपनीने मोफत बैठकीची ४० मिनिटांची मर्यादा तात्पुरती उठवली होती. मित्रांच्या गटाने स्वतः जमवलेल्या वाढदिवसाला मात्र ती लागूच होती.

अर्थात, हे सगळे ज्यांच्या घरी इंटरनेट होते त्यांच्यापुरते. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील ३ ते १७ वयोगटातील दोन तृतीयांश मुलांच्या घरी ते नव्हतेच. या मुलांच्या बाबतीत अ‍ॅपच्या गुणदोषांचा प्रश्नच उद्भवत नाही.

आजही शिकवणीसाठी झूम वापरायचे असेल, तर लहान गट आणि शंकानिरसन यांसाठी ते निःसंशय उपयुक्त आहे. दिवसभराच्या शाळेसाठी मी त्याची शिफारस करणार नाही. वापरताना स्वतःची चौकट लपवायला मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे आणि कॅमेऱ्याची सक्ती टाळावी. आणखी एक सेटिंग पाहण्याजोगे आहे. अनोळखी लोक वर्गात घुसू लागल्यावर एप्रिल २०२० पासून झूमने वेटिंग रूम आपोआप सुरू ठेवली. सुरक्षेसाठी ते योग्यच होते, पण त्यामुळे शिक्षक येईपर्यंत प्रत्येक विद्यार्थी आपापल्या पडद्यापुढे एकटाच ताटकळू लागला. म्हणून शिक्षकांनी तासिकेच्या दहा मिनिटे आधी सर्वांना आत घ्यावे, स्वतःचा आवाज आणि कॅमेरा बंद करावा आणि खुशाल दुसऱ्या खोलीत निघून जावे.