गच्चीवरील सौरसंच : सोसायटीचा एका वर्षाचा अनुभव

पुण्यातील आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीने लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील व वाहनतळातील दिवे यांच्यासाठी 'पीएम सूर्यघर' योजनेतून १५ किलोवॉटचा सौरसंच बसवला, त्याला आता वर्ष होऊन गेले.

संच बसवणाऱ्या कंपनीचे सर्वांत मोलाचे काम पॅनेल गच्चीवर चढण्याआधीच झाले. पाहणीसाठी आलेल्या अभियंता बाईंनी आधी बारा महिन्यांची बिले मागून घेतली आणि मग आवारभर हिंडून दाखवून दिले की जिन्यातल्या जुन्या ट्यूबलाइट रात्रभर जळत असतात आणि वरची टाकी भरून वाहू लागली तरी पंप चालूच राहतो. एलईडी दिवे आणि टाकी भरताच पंप बंद करणारा स्वयंचलित स्विच बसवल्यावर, आम्ही मनात धरलेल्या २० किलोवॉटऐवजी १५ पुरेसे ठरले. स्वतःची विक्री कमी करणारा असा सल्ला दिल्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये, म्हणजे एकूण २,७०,००० रुपये अनुदानाचा हिशेबही त्यांनी पहिल्याच बैठकीत मांडला.

एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. टाकीची सावली एखाद्या पॅनेलवर पडली तरी त्याच्याशी जोडलेल्या सगळ्या रांगेचे उत्पादन घटू शकते, म्हणून डिसेंबरमधली लांब सावली मोजून मांडणी केली आणि पूर्वेकडचा भाग उन्हाळ्यातल्या वाळवणासाठी मोकळा ठेवला.

नाराजी आहे ती सांगाड्याच्या कामाबद्दल. काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर सांगाडा उभारायचे ठरले असताना कामगारांनी दोन ठिकाणी थेट स्लॅबला भोके पाडली आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरील एका घराच्या छताला ओल आली. दुरुस्ती विनामूल्य झाली, पण ती तीन आठवडे लांबली. शिवाय वीज गेली की हा संचही बंद पडतो, कारण दुरुस्तीसाठी तारांवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या प्रवाहाचा धक्का बसू नये. ही गोष्ट सभासदांना आधी सांगायला हवी होती.

किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट ही अपेक्षा वर्षाच्या हिशेबात जवळपास पूर्ण झाली. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन बरेच घसरले. कडक ऊन असूनही मे महिना मार्चच्या मागे राहिला, कारण पॅनेल तापले की त्याची क्षमता उतरते. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यावर काचेवर पांढरे डाग राहतात, म्हणून आता सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना, महापालिकेच्या नळाच्या पाण्याने ती धुतली जातात.

देखभालीचा करार आम्ही याच कंपनीशी वाढवला आहे. मात्र गच्चीला ड्रिल लावण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी, हे कलम त्यात नव्याने घातले आहे.