सुती शर्टिंगचं सुरकुतीविरोधी फिनिश: रेझिन की सायट्रिक ॲसिड?

सेल्युलोजच्या साखळ्यांना आडवे टाके घातले की सुती कापड कमी चुरगळतं. प्रश्न टाके कशाचे घालायचे, एवढाच. (बीटीसीए, म्हणजे ब्युटेनटेट्राकार्बोक्झिलिक ॲसिड, दोन्हींपेक्षा सरस, पण भाव ऐकून बहुतेकजण तिथंच थांबतात.)

डीएमडीएचईयू हे फॉर्माल्डिहाइडपासून बनणारं नेहमीचं रेझिन तसं बिनतक्रार चालतं. लिटरला 50 ग्रॅम, सोबत उत्प्रेरक म्हणून मॅग्नेशियम क्लोराइड, 150 अंशांना तीन मिनिटं क्युरिंग (उष्णतेनं फिनिश पक्कं करणं). शेड सहसा हलत नाही, धुलाईतही टिकतं. खोट कळते ती माल गोडाऊनला गेल्यावर. पॉलिबॅगमधले गठ्ठे पावसाळी उकाड्यात पडून राहिले की फॉर्माल्डिहाइड सुटत राहतो आणि बॅग उघडताच डोळे चुरचुरतात. कमी फॉर्माल्डिहाइडचं रेझिन घ्या, क्युरिंगनंतर धुवा. वास कमी होतो, पुरता जाईलच असं नाही. लहान मुलांच्या कपड्यांत तर हे चालतच नाही.

सायट्रिकमध्ये फॉर्माल्डिहाइड मुळातच नाही. लिटरला सायट्रिक ॲसिड 70 ग्रॅम, उत्प्रेरक सोडियम हायपोफॉस्फाइट 40, नॉन-आयनिक वेटिंग एजंट (कापड नीट भिजवणारा) 1, पॉलिइथिलीन सॉफ्टनर 20. पिकअप (कोरड्या कापडाच्या वजनाच्या मानानं शोषलेलं द्रावण) 75 ते 80 टक्के. वाळवण 90 अंशांना सावकाश, घाई केली तर ॲसिड पृष्ठभागावर सरकतं. मग 170 अंशांना दोन मिनिटं आणि शेवटी सौम्य सोड्याची कोमट धुलाई.

आधी कापडावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकून बघा. गुलाबी झाला तर मर्सरायझिंगचा (चमकेसाठी केलेल्या प्रक्रियेचा) कॉस्टिक सोडा आत उरलाय. तो ॲसिडचा क्षार करतो, सेल्युलोजला जोडलं जाणारं ॲनहायड्राइड बनत नाही आणि लॉट फिनिशविनाच बाहेर येतो.

खरा त्रास पिवळेपणाचा. तापमान चढलं की सायट्रिकमधून पाणी निघून अकोनिटिक ॲसिड तयार होतं आणि पांढरं कापड मळकट पिवळं दिसतं. 160 अंशांना तीन मिनिटं दिली तर पिवळेपणा कमी, पण क्रीझ रिकव्हरीही (चुरगळल्यावर सुरकुती सुटण्याची क्षमता) थोडी कमी. शिवाय हे एस्टरचे बंध. गरम सोड्याच्या वारंवार धुण्यात सुटत जातात. कापडाची ताकद दोन्हींत घटते, म्हणून सॉफ्टनर वगळू नका.

शुभ्र शर्टिंगला रेझिन सोडून द्या असं म्हणवत नाही. पण फिक्या-मध्यम रंगाच्या मालाला, आणि बेबीवेअरला तर नक्कीच, आमचा कल सायट्रिककडे. फक्त रिॲक्टिव्ह किंवा सल्फर रंगाचा माल असेल तर आधी एक पट्टी क्युअर करून शेड ताडा. हायपोफॉस्फाइट काही रंगांची शेड बदलतो.