फिनिश बायबल: १७७६चं भाषांतर वाचावं की १९९२चं?

योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलंच वचन घ्या. १७७६च्या फिनिश बायबलात मधला भाग आहे ‘या से साना ओली युमालान त्यूक्योना’, म्हणजे ‘आणि तो शब्द देवाजवळ होता’. ‘साना’ म्हणजे शब्द आणि ‘से’ म्हणजे तो. आता फिनिशमध्ये, आपल्या मराठीसारखंच, इंग्रजीतल्या ‘द’चं काम करणारं उपपदच नाही. मग हा ‘से’ आला कुठून? जर्मन-स्वीडिशमधून! जर्मनीत विटेनबर्गला शिकलेल्या मिकाएल आग्रिकोलाने १५४८च्या आपल्या फिनिश नव्या करारात तो वापरला आणि पुढे सव्वादोनशे वर्षं तो टिकला. १९९२च्या भाषांतरात हा ‘से’ नाही. शिवाय ‘आलुस्सा ओली साना’ (प्रारंभी शब्द होता) एवढ्यावर पूर्णविराम पडला आणि पुढचा ‘या’ (आणि) गळला.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या वचनात तर फक्त दोन शब्दांची अदलाबदल आहे. जुन्यात ‘आलुस्सा लोई युमाला’, म्हणजे ‘प्रारंभी निर्मिले देवाने’. क्रियापद जर्मन पद्धतीने दुसऱ्या जागी. नव्यात सरळ ‘आलुस्सा युमाला लोई’.

समजून घ्यायचं तर १९९२चं. पण मोठ्याने वाचायला मला जुनंच आवडतं. ‘या… या…’ची ती लय नव्यात नाही. लेस्ताडियन या ल्युथरन पंथातले काहीजण आजही १७७६चंच वाचतात.