पावतीवर बेल्ट एक, इंजिनाला दोन : जुनी फेरारी घेताना झालेली फसवणूक

रोजची आधुनिक गाडी विकून जुनी फेरारी घ्यायचं मनात असेल, तर ब्रिटनमध्ये एका मराठी गृहस्थांचं काय झालं ते आधी वाचा. गाडी १९७८ ची ३०८ जीटीबी. रंग चकचकीत, आतलं चामडं स्वच्छ, सोबत पावत्यांची जाडजूड फाईल. फाईलची जाडी बघितली, आतल्या ओळी वाचल्या नाहीत.

एका पावतीवर होतं, 'बेल्ट बदलला'. या व्ही-८ इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणारे पट्टे, दोन असतात, सिलिंडरच्या दर रांगेला एक. बदलला होता तो मात्र बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा. टायमिंग बेल्टचं रबर गाडी उभी राहूनही कडक होतं, भेगाळतं. म्हणून मैल कितीही कमी असोत, ३ ते ५ वर्षांनी दोन्ही बेल्ट बदलायचे, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची बेअरिंगं त्याच वेळी तपासून घ्यायची. इथे तर 'गाडी फारशी चाललेलीच नाही' हेच कौतुकाने सांगितलं जात होतं. महिन्याभरात एक बेल्ट तुटला, उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले आणि हेड उतरवावं लागलं. पावतीवर बेल्ट किती, कोणते, तारीख काय आणि तेव्हा मैल किती हे लिहिलेलं नसेल, तर बेल्ट बदललेलेच नाहीत असं धरून त्या खर्चाएवढी किंमत पाडून मागा.

गाडी दाखवताना इंजिन आधीच तापवून ठेवलेलं होतं. ही युक्ती सर्रास चालते. थंड इंजिन सुरू होताना निघणारा निळा धूर, म्हणजे झिजलेल्या व्हॉल्व्ह गाईड-सीलची खूण, त्यात लपते. विक्रेत्याने किल्ली फिरवण्याआधी इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड असताना दुसरा गिअर अडखळणं हा या गाड्यांचा स्वभावच आहे. पण २० मिनिटं चालवल्यावरही तो खरखरत असेल तर सिंक्रो, म्हणजे गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणारी कडी, झिजलेला आहे. ऑइलचा दाब मात्र गरम इंजिनावरच बघायचा.

दरवाजांचा खालचा भाग, सिल (दरवाजाखालची पट्टी) आणि चाकांच्या कमानींवर मऊ कापडात गुंडाळलेला चुंबक फिरवा. पत्र्याच्या गाडीत तो सैल पडतो तिथे गंजावर पुट्टी भरलेली असते. अगदी सुरुवातीच्या ३०८ फायबरग्लासच्या होत्या, त्यांना ही कसोटी लागू नाही. फ्यूजबॉक्सही उघडून बघा, वायरिंग तापत असेल तर वितळलेलं तपकिरी प्लास्टिक लगेच दिसतं.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाडीला एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का याच्या वार्षिक तपासणीतून सूट आहे. 'सूट आहे' म्हणून विक्रेत्याने विषय संपवला. पण सूट मिळण्याआधीच्या तपासण्या, त्यांत नापास झालेल्या गोष्टी आणि त्या वेळचे मैल इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्ससाठी २००५ पासून सरकारी नोंदीत नंबरावरून फुकट दिसतात. एवढं पाच मिनिटांचं कामही केलं गेलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

भरपाई मागायला गेल्यावर खरा घाव बसला. शोरूम डीलरची, पण बिल मूळ मालकाच्या नावाने. डीलरने फक्त 'मालकाच्या वतीने' गाडी ठेवलेली. डीलरने स्वतः विकलेली गाडी सदोष निघाली तर २०१५ च्या ग्राहक कायद्याने ३० दिवसांत परत करता येते. खासगी विक्रीला तो हक्क नाही. पैसे पाठवण्याआधी बिलाचा मसुदा मागवा आणि विक्रेत्याच्या रकान्यात नाव कुणाचं आहे ते बघा.